घरी ओतलेल्या गोळ्यांना वंगण कोणतं? ९ मिमीला शिसं चढतंय (.३८ मात्र ठीक)

टेक्सासकर_कोकणी

नमस्कार मंडळी. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींसाठी घरी गोळ्या ओततो, त्यातल्या वंगणाबद्दल नेमका सल्ला हवा आहे. सगळे तपशील देतो:

मिश्रधातू: गाडीचं चाक समतोल करायची क्लिपवाली जुनी वजनं, त्यात २ टक्के कथील. कडकपणा १२ बीएचएनच्या (ब्रिनेल कडकपणाचा आकडा) आसपास.

९ मिमी: सेमी-ऑटो, ४ इंची बॅरल, साधं खाचांचं रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या बॅरलमधल्या पिळाच्या खाचा). साचा ली कंपनीचा टंबल-ल्यूब (वंगणात घोळवायच्या गोळीच्या) जातीचा, १२४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक), बारीक बारीक खाचांचा. साइझिंग डाय (गोळी दाबून नेमक्या व्यासाला आणणारी) ०.३५६ इंच.

.३८ स्पेशल: ४ इंची रिव्हॉल्व्हर. १५८ ग्रेनची सेमी-वॉडकटर (चपट्या नाकाची गोळी), एकच मोठी ग्रीसची खाच. साइझिंग ०.३५८.

वंगण दोन्हींना ली लिक्विड अलॉक्स (बाटलीत मिळणारं पातळ वंगण). डब्यात गोळ्या, वर अलॉक्स, हलवायचं आणि मेणकागदावर वाळत घालायचं.

.३८ मस्त चालतं. ९ मिमीत मात्र चेंबरच्या लगेच पुढे पहिल्या इंचभरात शिसं चढतं, ५० गोळ्यांतच अचूकता जाते. धूरही खूप, गोळ्या दोन दिवसांनीसुद्धा चिकट. अलॉक्स सोडून मेण-ग्रीसच्या वंगणावर जावं, की थेट पावडर कोट (रंगाच्या पुडीचा भाजून बसवलेला थर) करावं? मेण-ग्रीसचं प्रमाण कुणी सांगेल का? लुब्रिसायझर मशीन (खाचेत वंगण भरून गोळी मापाला आणणारं) नाही आणि सध्या घ्यायचं नाही.

थाऊवाला

दादा, वंगण बदलण्याआधी थांबा. शिसं *कुठे* चढतंय हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे.

चेंबरच्या पुढेच चढत असेल तर बहुतेक वेळा गोळी बॅरलपेक्षा बारीक आहे. तिच्या कडेने गरम वायू पुढे निसटतो, शिशाचा पृष्ठभाग वितळवून घासून नेतो आणि तेच शिसं पहिल्या इंचात चिकटतं. वंगण कमी पडलं तर उलटं होतं: सुरुवात स्वच्छ आणि तोंडाकडच्या अर्ध्या भागात शिसं. पूर्ण लांबीभर सारखं दिसलं तर बॅरल खडबडीत आहे का ते बघायचं, नाहीतर मिश्रधातू आणि वंगणाची जोडी जमत नाही असं समजायचं.

म्हणजे तुमच्या केसमध्ये बाजारातलं सगळ्यात महाग वंगण लावलं तरी ०.३५६ ची गोळी ०.३५६५ च्या बॅरलमध्ये शिसं सोडणारच. क्रमाने हे करा:

१) बॅरल मोजा. पिस्तूल रिकामं, बॅरल काढलेलं. गळाला लावतात तो मऊ, शुद्ध शिशाचा गोळा घ्या, बॅरलच्या व्यासापेक्षा किंचित मोठा. बॅरलमध्ये तेलाचा एक थेंब, मग गोळा तोंडातून आत ठोकून पितळी दांड्याने हळूहळू ढकलत चेंबरकडून बाहेर काढा. त्यावर उमटलेल्या उंच भागांचा व्यास म्हणजे तुमचा खाचेचा व्यास. हे मायक्रोमीटरनेच मोजा. व्हर्नियर कॅलिपर एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) इकडे-तिकडे दाखवतो आणि आपला सगळा खेळच एका थाऊचा आहे. खाचा सम संख्येत (४ किंवा ६) असतील तर सोपं. पाच असतील तर समोरासमोर खाच येत नाही, व्ही-ब्लॉक लागतो.

९ मिमीची बॅरलं ०.३५५ पासून ०.३५७ पर्यंत भेटतात. शिशाची गोळी खाचेच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ जास्त हवी. बहुतेकांची गाडी ०.३५७ किंवा ०.३५८ वर येऊन थांबते. ०.३५६ हे जॅकेटवाल्या (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळीच्या सवयीतून आलेलं माप आहे.

२) काडतुसाच्या पुंगळीत गेल्यावर गोळी कितीची राहते ते बघा. ही पायरी लोक सोडतात आणि मग वर्षभर वंगणं बदलत बसतात. प्रायमर नाही, दारू नाही, अशी एक डमी गोळी नेहमीच्या पद्धतीने भरा. मग हातोडीच्या पुलरने बाहेर काढा आणि तिचा *तळ* मोजा. ९ मिमीची पुंगळी आत निमुळती आणि खाली जाड असते. तुमचा एक्स्पांडर (पुंगळीचं तोंड रुंद करणारा दट्ट्या) जॅकेटवाल्या ०.३५५ च्या गोळीसाठी केलेला असणार. तो तोंड तेवढं उघडतो, खोल जात नाही. परिणामी ०.३५८ ची गोळी आत जाताना तळाशी दाबली जाऊन ०.३५५ ची होऊन बसते. बाहेरून काहीच दिसत नाही.

उपाय: शिशाच्या गोळीसाठीचा, जास्त लांब आणि दोन-एक थाऊ जाड एक्स्पांडर प्लग घ्या. दुसरं म्हणजे भरून झाल्यावर पूर्ण काडतूस कार्बाइडच्या रिंगमधून काढणारी क्रिम्प डाय (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणारी) वापरत असाल तर ती बाजूला ठेवा. ती रिंग पुंगळीसकट आतली गोळीही दाबते. पुंगळी परत थोडी फुगते, शिसं फुगत नाही. साधी टेपर क्रिम्प डाय घ्या, काम फक्त तोंडाची घंटीसारखी फाकलेली कड सरळ करण्याचं. तोंडाचा बाहेरचा व्यास ०.३७८ ते ०.३८० बास.

३) काडतूस काढलेल्या बॅरलच्या चेंबरमध्ये टाकून बघा. स्वतःच्या वजनाने 'टक्' करून बसलं पाहिजे, बॅरल उलटं केलं की स्वतःच पडलं पाहिजे. मोठ्या व्यासावर जाताना ही परीक्षा प्रत्येक वेळी.

हे तिन्ही झाल्यावरही शिसं राहिलं तर वंगणाकडे या. आणि नवीन काही तपासण्याआधी बॅरल पूर्ण उघड्या लोखंडापर्यंत साफ हवं, नाहीतर जुनं शिसंच नवं पकडत राहतं. शुद्ध तांब्याची घासणी कापून जुन्या ब्रशला गुंडाळा, कोरडंच घासा, शिशाचे पापुद्रे सुटून येतात. घासणीला आधी चुंबक लावून बघा. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी आहे, बॅरलमध्ये घालू नका. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय नेटवर फिरतो तोही नको. त्यातून विरघळणारं विषारी शिसं तयार होतं आणि पोलादही खातं. शिसं साफ करायला जॅकेटवाल्या गोळ्या मारायच्या हा सल्ला तर धोक्याचा: बॅरल आधीच आवळलेलं असतं, दाब वाढतो.

मेणकर

थाऊवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. आता वंगणाबद्दल विचारलंच आहे तर ते नीट सांगतो, कारण माप जमल्यावरही चुकीचं वंगण त्रास देतं.

पिस्तुलाच्या कामाला वंगण *मऊ* हवं. बाजारात 'हार्ड कास्ट' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या खाचेत निळं-लाल कडक मेण असतं ते मुख्यतः प्रवासात पडू नये म्हणून. कमी दाबाच्या काडतुसात ते धड वितळत नाही, धड पसरत नाही, खाचेतून तुकडा होऊन बाहेर फेकलं जातं. .३८ स्पेशलची कमाल दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि सरावाचं भरणं त्याहूनही खाली. तिथे कडक वंगण आणि कडक गोळी दोन्ही तोट्याचं.

घरी करायला सगळ्यात भरवशाचं म्हणजे मधमाशीचं मेण आणि चिकट लाल लिथियम ग्रीस. वजनाने समसमान घेऊन सुरुवात करा. साधारण २५० ग्रॅम मेण, २५० ग्रॅम ग्रीस. एवढ्यात हजारो गोळ्या होतात.

कृती: पातेल्यात पाणी, त्यात दुसरा डबा. सरळ आचेवर मेण ठेवू नका, पेट घेतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पाणी ८५ पर्यंत पुरे. मेण पूर्ण पातळ झाल्यावर ग्रीस चमच्या-चमच्याने घालत ढवळा, गुठळ्या जाईपर्यंत. मग एक चमचा काढून बशीत गार करा आणि बोटांत मळा. पोळीच्या कणकेइतकं मऊ, पण बोटाला भसाभस न लागणारं हवं. तुटलं तर ग्रीस वाढवा, लोण्यासारखं पसरलं तर मेण. टेक्सासच्या उन्हात मी मेणाकडे झुकतं माप देईन, ६० मेण ४० ग्रीस.

कार्नाउबा मेण घालायचा मोह होतो. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणून उन्हात वंगण गळत नाही, पण ५ टक्क्यांच्या वर गेलात की ठिसूळ होतं. नुसतं पॅराफिन, म्हणजे बाजारातल्या मेणबत्त्या, वापरू नका. गार झाल्यावर कडक आणि कोरडं होऊन खाचेतून निसटतं.

एनआरएचं (अमेरिकेतली रायफल संघटना) जुनं सूत्रही अजून चोख चालतं: अर्धं मधमाशीचं मेण, अर्धं अलॉक्स २१३८एफ. धूर जरा जास्त, बाकी तक्रार नाही.

मशीन नसेल तर ताटात लावायचं. उथळ ट्रेमध्ये साइझ केलेल्या गोळ्या तळावर उभ्या करा, एकमेकींत चार-पाच मिलिमीटर अंतर. वंगण वितळवून कडेने हळू ओता, वरच्या खाचेच्या जरासं वरपर्यंत. गोळ्या गार असतील तर वंगण खाचेत शिरण्याआधीच थिजतं आणि आत पोकळी राहते, म्हणून ट्रे आधी कोमट करून घ्या. थिजलं की (पूर्ण कडक होऊ देऊ नका) गोळ्या कापून काढायच्या. त्यासाठी .३८ च्या पुंगळीचा मागचा भाग कापून टाका, तोंड थोडं उघडा, आतून घासून गुळगुळीत करा. वरून दाबली की गोळी पुंगळीत येते, खाचेत वंगण भरलेलं, अंग पुसलेलं. पुढची गोळी घेताना आधीची मागून बाहेर पडते. उरलेला जाळीदार पोळा परत वितळवा.

तळाला वंगण लागलं असेल तर पुसाच. तळावरचं वंगण दारूला लागतं, गरमीत जास्तच, आणि गोळीची गती खालीवर होऊ लागते.

एक महत्त्वाचं: हे तुमच्या .३८ च्या मोठ्या खाचेच्या गोळीसाठी. टंबल-ल्यूबच्या बारीक खाचांत ताटातलं वंगण जातं, पण तिथे फायदा कमी आणि कटकट जास्त. त्या साच्यासाठी पातळ वंगणच बरं.

वंगण पुरतंय का, हे तोंडाकडे बघून कळतं. २०-२५ गोळ्यांनंतर बॅरलच्या तोंडावर खाचांच्या समोर वंगणाचा चांदणीसारखा ठसा दिसला तर शेवटपर्यंत पुरतंय. कोरडं ठणठणीत असेल आणि तोंडाकडे शिसं असेल तर कमी पडतंय.

ओतशाळा_ओहायो

अलॉक्स चिकट राहतं कारण जास्त लावलं जातं. नव्वद टक्के लोकांचं हेच होतं. गोळी तपकिरी, मधात बुडवल्यासारखी दिसत असेल तर ते चौपट झालं. फिकट सोनेरी झाक, जवळजवळ न दिसणारी, एवढंच हवं.

नुसतं अलॉक्स वापरण्यापेक्षा ४५-४५-१० करा: ४५ भाग लिक्विड अलॉक्स, ४५ भाग पेस्ट वॅक्स, १० भाग मिनरल स्पिरिट्स. मूळ सूत्रात जॉन्सन पेस्ट वॅक्स होतं, ते कंपनीने बंद केलं. आता दुसरं कार्नाउबा असलेलं लाकडाचं पेस्ट वॅक्स घ्यायचं. सिलिकॉन किंवा पॉलिशचा घासणारा कण असलेलं घेऊ नका, गाडीचे 'क्लीनर वॅक्स' यातच येतात.

करायचं असं: मिनरल स्पिरिट्स पेटणारा पदार्थ आहे, म्हणून गरम करताना ज्योत कुठेच नको. विजेची शेगडी, पाण्याच्या डब्यात डबा, आणि तेही बाहेर अंगणात. आधी वॅक्स पातळ करा, मग अलॉक्स, दोन्ही नीट मिसळलं की शेगडी बंद करून शेवटी स्पिरिट्स.

लावताना गोळ्या आणि बाटली दोन्ही कोमट. गोळ्यांवर हेअर ड्रायर फिरवा, हाताला ऊब लागेल इतपत, बाटली गरम पाण्यात उभी. शंभर गोळ्यांना अर्धा चहाचा चमचा ही कमाल, पहिल्यांदा त्याहून कमीच घाला. डबा गोल गोल फिरवा, आपटू नका. मेणकागदावर पसरून पंख्याखाली. साधारण काही तासांत हाताला कोरड्या लागतात. साइझ करण्याआधी एक पातळ हात आणि साइझ झाल्यावर दुसरा पातळ हात, हा एका जाड हातापेक्षा कितीतरी चांगला.

९ मिमीत जास्त वंगणाचा एक धोका आहे, तो कुणी सांगत नाही. सीटिंग डायच्या (गोळी पुंगळीत बसवणारी) आत वंगण साठत जातं, आणि साठलेला गोळा प्रत्येक गोळीला थोडा थोडा खोल बसवतो. ९ मिमीची पुंगळी लहान, कमाल दाब ३५,००० पीएसआय. गोळी दहा-वीस थाऊ खोल गेली तरी आतली जागा लक्षात येईल इतकी घटते आणि दाब चढतो. म्हणून दर ५० काडतुसांनंतर लांबी मोजा, शंभरनंतर डाय उघडून पुसा.

कडकपणाबद्दलही बोलून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. बीएचएनला १४२२ ने गुणलं की शिसं दबायला लागणारा दाब पीएसआयमध्ये येतो, असं एक सूत्र सगळीकडे सांगतात. १२ × १४२२ म्हणजे १७,०००, तुमच्या .३८ ला अगदी जुळतं. त्याच हिशेबाने ९ मिमीला २४-२५ बीएचएन लागेल, म्हणजे लिनोटाइपपेक्षाही (छपाईच्या खिळ्यांचा कडक मिश्रधातू) कडक. प्रत्यक्षात १२ ते १५ ची गोळी ९ मिमीत स्वच्छ चालते, फक्त मापाला बसली पाहिजे. तेव्हा ९ मिमीसाठी महागडं लिनोटाइप विकत घेऊ नका. .३८ साठी उलट निम्मं मऊ शिसं मिसळून ८-१० बीएचएनला आलात तरी चालेल, वजनं वाचतील.

पुणेकर_न्यूजर्सी

थोडं वेगळं मत. माप, एक्स्पांडर, क्रिम्प हे सगळं बरोबर. पण तुमचा ९ मिमीचा टंबल-ल्यूब साचा ०.३५८ ची गोळी देईल का, हा खरा प्रश्न आहे. १२ बीएचएनच्या धातूत तो ०.३५६५-०.३५७ ला अडकू शकतो. साचाच बारीक असेल तर साइझिंग डाय मोठी करून काय होणार?

तिथे पावडर कोट कामाला येतो. पावडरचा थर व्यास एक ते दोन थाऊंनी वाढवतो. तुमची ०.३५६५ ची गोळी सहज ०.३५८ पर्यंत जाते, मग ०.३५७ ला साइझ करा. एकाच कामात माप, वंगण, धूर, चिकटपणा चारही प्रश्न सुटतात. टंबल-ल्यूबच्या खाचा रिकाम्या राहिल्या तरी काही बिघडत नाही, वर आणखी वंगण लावायची गरजच नाही.

गोळ्यांवर तेल, साच्याचं वंगण, घाम काही नको. साच्याला तेल लावून ठेवत असाल तर ओतायच्या आधी साफ करा, नाहीतर पहिल्या शे-दोनशे गोळ्यांवर पावडर धरत नाही. शंका असेल तर ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवा.

तळाला ५ नंबर छापलेला प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात ६ मिमीचे काळे प्लास्टिकचे एअरसॉफ्ट छर्रे, तळ झाकण्याइतके. ५० ते ७० गोळ्या, वर दोन चमचे पॉलिएस्टर टीजीआयसी पावडर. दीड-दोन मिनिटं जोरात गोल फिरवा. घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि पावडर गोळीला चिकटते. हवा दमट असेल तर धरत नाही, तुमच्याकडे किनाऱ्याजवळ असाल तर एसीच्या खोलीत करा, आणि एन-९५ मास्क लावा, ती पावडर फुप्फुसात जाता कामा नये.

चिमट्याने एकेक उचलून नॉनस्टिक फॉइलवर उभ्या करा, एकमेकींना न चिकटता. ४०० फॅरनहाइट (२०४ सेल्सिअस) ला २० मिनिटं. हे २० मिनिटं *गोळ्या* त्या तापमानाला आल्यापासून मोजायचे, ओव्हनचं बटण दाबल्यापासून नाही. स्वस्त टोस्टर ओव्हनची चकती हमखास २०-३० अंश चुकते, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ४५० च्या वर गेलं तर गोळ्या वितळून ट्रेवर चिखल होऊ शकतो, कारण कथील-अँटिमनी मिसळलेलं शिसं शुद्ध शिशाच्या ३२७ सेल्सिअसच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. त्या ओव्हनमध्ये नंतर कधीही खायचं काही भाजायचं नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवून भाजा.

परीक्षा दोन. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने दहा वेळा घासा, रंग येता कामा नये. आला तर भाजणं कमी झालंय, परत १० मिनिटं घाला. दुसरी: एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोडीने चपटी करा. थर शिशाबरोबर पसरला पाहिजे. पापुद्रे सुटले तर थराखाली घाण आहे किंवा भाजणं अर्धवट.

दोन तोटे आहेत, तेही सांगतो. पाण्यात विझवून कडक केलेल्या गोळ्या ओव्हनच्या उष्णतेने परत मऊ पडतात. ओव्हनमधून काढताच पुन्हा पाण्यात टाकल्या तर बराचसा कडकपणा परत येतो, पण पिस्तुलाला तेवढी गरज नसते. दुसरं, थर गोळीच्या नाकावरही बसतो, त्यामुळे आधी बसणारं काडतूस चेंबरमध्ये घट्ट होऊ शकतं. परत 'टक्' परीक्षा, आणि खोल बसवावं लागलं तर दारूचं प्रमाण पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून नव्याने. जुन्या भरण्याचा आकडा तसाच उचलायचा नाही.

ग्लॉकसारखं बहुकोनी रायफलिंग असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं: निर्माता उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं स्वच्छ सांगतो. तिथे नुसतं वंगण लावलेलं शिसं नकोच.

गॅरेजवाली_ताई

वंगणाइतकंच हेही महत्त्वाचं, आणि इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

शिसं वितळवताना ७०० फॅरनहाइट (सुमारे ३७० सेल्सिअस) च्या वर जाऊ नका. चाकाच्या वजनांत जस्ताची वजनं मिसळलेली असतात, ती ४१९ सेल्सिअसला वितळतात. तापमान खाली ठेवलं की ती वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. एकदा वितळली की सगळं भांडं वाया, गोळ्या खाचा धरत नाहीत. भांड्यात ओली वजनं कधीच टाकायची नाहीत. पाण्याचा थेंब शिशाखाली गेला की वाफ होऊन उकळतं शिसं उडतं. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, लांब बाही, जाड हातमोजे.

शिशाचं विष श्वासापेक्षा हातावरून तोंडात जास्त जातं. वर तरंगणारी राखाडी मळी आणि भट्टीच्या कडेची धूळ सगळ्यात वाईट. हात गार पाण्याने साबण लावून धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, आणि मूल घरात असेल तर ओतकाम वेगळ्या जागीच. वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, साधी रक्ताची चाचणी आहे. लहान मुलांसाठी सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) संदर्भ आकडा ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर आहे, म्हणजे मुलांच्या बाबतीत सवलत अगदी कमी.

आणि हा धागा वाचणाऱ्या नव्या मंडळींसाठी: अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. पण एच-१बी, एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्यानुसार हत्यार *आणि दारूगोळा दोन्ही* बाळगायला बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ती बंदी नाही. राज्याचे नियम त्यावर वेगळे. भारतात तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायलाच परवाना हवा. त्यामुळे साचा, गोळ्या किंवा अलॉक्सची बाटली गावाकडे घेऊन जायचा विचारही करू नका.

टेक्सासकर_कोकणी

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅरल मोजलं: ०.३५६४. डमी काढून तळ मोजला तर ०.३५४८. म्हणजे एक्स्पांडर आणि ती कार्बाइडची क्रिम्प डाय दोन्ही दोषी दिसतात. साचा गोळ्या ०.३५६८ च्या देतोय, त्यामुळे ९ मिमी पावडर कोटवर नेतो. .३८ ला मेण-ग्रीस ताटात.

दोन प्रश्न उरले. गाडीच्या डिकीत काडतुसं रेंजवर नेताना मेण-ग्रीस गळणार नाही ना? आणि पावडर कोटवर जाताना जुनं अलॉक्स बॅरलमधून काढायला काय?

मेणकर

उन्हात उभ्या गाडीची डिकी ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे मधमाशीच्या मेणाच्या वितळणबिंदूच्या दारात. मिश्रण त्याच्याही आधी मऊ पडतं. नेताना-आणताना एसीच्या भागात, सीटवर ठेवा, डिकीत रात्रंदिवस पडून राहू देऊ नका. ६०-४० मध्ये ५ टक्के कार्नाउबा घातलंत तर थोडी सवड मिळेल. गळलेलं कळतं कसं? काडतूस हातात घेऊन पुंगळीच्या तोंडाजवळ चकाकणारी रिंग दिसली तर ते काडतूस बाजूला काढा. आत दारूलाही लागलेलं असू शकतं.

रिव्हॉल्व्हरचं सिलिंडरही एकदा बघा. साइझ केलेली ०.३५८ ची गोळी सिलिंडरच्या पुढच्या भोकातून अंगठ्याने हलकं दाबल्यावर पार जायला हवी. सहा भोकं सारखी असतीलच असं नाही. एखाद्यात जोर लावावा लागला तर ते भोक गोळी दाबून बारीक करतंय, आणि मऊ धातूवर गेलात तर हे जास्त जाणवेल.

थाऊवाला

०.३५४८! तेवढ्यावर शिसं चढलं नसतं तरच नवल. प्लग ०.३५७ चा लांब घ्या, मग परत डमी काढून तळ मोजा. ०.३५७ च्या खाली अर्ध्या थाऊपेक्षा जास्त जाऊ नये.

अलॉक्स मिनरल स्पिरिट्सने विरघळतं. कापडाच्या चकतीला लावून दोन-तीनदा फिरवा, मग वर लिहिलेली तांब्याची घासणी कोरडी, मग कोरड्या चकत्या स्वच्छ निघेपर्यंत. उजेडासमोर धरून चेंबरच्या पुढची कड बघा, खाचेच्या कोपऱ्यात राखाडी रेघ उरते ती सहसा तिथेच असते. ती गेल्याशिवाय पावडर कोटची पहिली गोळी मारू नका, नाहीतर दोष कोटला द्याल.

पुणेकर_न्यूजर्सी

आणि सीटिंग डायसुद्धा स्पिरिट्समध्ये बुडवून काढा. त्यातलं जुनं अलॉक्स कोटवर चिकटतं आणि लांबी पुन्हा चुकवतं. लांबी नव्याने लावून पहिली पाच काडतुसं मोजा, पाचही चार-पाच थाऊंच्या आत आली की चालू करा.